आयर्टन सेना

आयर्टन सेना दा सिल्वा (जन्म : साओ पाउलो, २१ मार्च १९६०, मृत्यू : बोलोन्या, १ मे १९९४) हे ब्राझीलचे ख्यातनाम मोटारशर्यतपटू होते. त्यांनी १९८८, १९९० आणि १९९१ या तीन वर्षी फॉर्म्युला वन शर्यतींचे जागतिक अजिंक्यपद पटकावले. १९८४ ते १९९४ या काळात त्यांनी १६१ ग्रां प्री शर्यतींत भाग घेतला, त्यांपैकी ४१ जिंकल्या आणि ६५ वेळा पात्रता फेरीत पहिले स्थान (पोल पोझिशन) मिळवले. पावसातील त्यांचे चालन, पात्रता फेरीतील वेग आणि फ्रेंच चालक ॲलेन प्रॉस्ट यांच्याशी असलेली स्पर्धा यांमुळे ते विशेष स्मरणात राहिले आहेत. शर्यतीच्या गाडीवर संवेदक (सेन्सर) बसवून इंजिनाच्या व चालनाच्या नोंदी घेण्याचे तंत्र त्यांच्याच कारकिर्दीत विकसित झाले. या नोंदी अभियंत्यांच्या बरोबरीने वाचून स्वतःच्या चालनात सुधारणा करणाऱ्या पहिल्या पिढीतील चालकांत त्यांची गणना होते.

बालपण आणि कार्ट शर्यती

सेना यांचा जन्म साओ पाउलो शहरातील एका सधन कुटुंबात झाला. वडील मिल्टन दा सिल्वा यांचा मोटारींचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना होता, तसेच मोठी शेतजमीनही होती. आईचे नाव नेइदे सेना. थोरली बहीण विव्हियान आणि धाकटा भाऊ लिओनार्दो अशी त्यांना दोन भावंडे होती. आयर्टन चार वर्षांचे असताना वडिलांनी गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन वापरून त्यांच्यासाठी एक छोटी कार्ट गाडी तयार केली. १९७३ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, ते इंटरलागोस येथे पहिल्या कार्ट शर्यतीत उतरले.

कार्टचे इंजिन जुळवण्याचे काम लुसिओ पास्कुआल गास्कोन हे मूळचे स्पेनचे कारागीर करीत. त्यांच्या कार्यशाळेत सेना तासन्‌तास बसत आणि इंजिनात केलेल्या लहानशा बदलाचा गाडीच्या वागण्यावर काय परिणाम होतो, हे समजून घेत. सुरुवातीच्या काळात पावसात झालेल्या एका शर्यतीत त्यांची दाणादाण उडाली. त्यानंतर पाऊस आला की कार्ट घेऊन सरावाला जायचे, असा त्यांनी नेम केला. निसरड्या रस्त्यावर चाकांची पकड नेमकी कोठे सुटते याचा अंदाज त्यांना या सरावातून आला. १९७७ साली ते दक्षिण अमेरिकेचे कार्ट विजेते झाले. जागतिक कार्ट स्पर्धेत मात्र १९७९ आणि १९८० अशी दोन वर्षे त्यांना उपविजेतेपदावर समाधान मानावे लागले.

इंग्लंडमधील उमेदवारी

१९८१ साली सेना इंग्लंडला गेले आणि व्हॅन डीमेन संघाकडून फॉर्म्युला फोर्ड १६०० या प्रकारात खेळू लागले. त्या वर्षी त्यांनी दोन मालिकांचे विजेतेपद मिळवले. तरीही घरच्या व्यवसायात लक्ष घालावे या कुटुंबाच्या इच्छेमुळे हंगामाच्या अखेरीस निवृत्ती जाहीर करून ते मायदेशी परतले. शर्यतींपासून दूर राहणे त्यांना फार काळ जमले नाही. १९८२ साली ते पुन्हा इंग्लंडला आले आणि फॉर्म्युला फोर्ड २००० प्रकारातील ब्रिटिश व युरोपीय अशी दोन्ही विजेतेपदे त्यांनी जिंकली. दा सिल्वा हे आडनाव ब्राझीलमध्ये फार सर्रास आढळते, म्हणून या सुमारास ते आईचे सेना हे आडनाव लावू लागले.

१९८३ च्या ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेतील पहिल्या नऊही शर्यती त्यांनी जिंकल्या. त्यानंतर मार्टिन ब्रंडल यांनी त्यांना कडवी झुंज दिली आणि विजेतेपदाचा निकाल शेवटच्या शर्यतीत लागला. त्याच वर्षी मकाव येथील ग्रां प्रीही सेना यांनी जिंकली.

टोलमन आणि लोटस

१९८४ साली टोलमन या लहान संघातून सेना यांनी फॉर्म्युला वनमध्ये पदार्पण केले. मोनॅको येथे मुसळधार पावसात तेराव्या स्थानावरून सुरुवात करून ते दुसऱ्या स्थानापर्यंत पोहोचले. आघाडीवर असलेल्या प्रॉस्ट यांना ते झपाट्याने गाठत असतानाच पावसामुळे शर्यत थांबवण्यात आली.

त्याच वर्षी अमेरिकेतील डॅलस येथे घडलेला एक प्रसंग त्यांचे अभियंते पॅट सायमंड्स यांनी पुढे सांगितला. तेथे सेना यांची गाडी काँक्रीटच्या कठड्याला घासली आणि त्यांना शर्यत सोडावी लागली. आपण प्रत्येक फेरीत त्याच रेषेवरून गाडी नेत होतो, त्यामुळे कठडाच हलला असला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. सायमंड्स यांचा त्यावर विश्वास बसला नाही, तरी ते त्यांच्यासोबत ती जागा पाहायला गेले. दुसऱ्या कुठल्या तरी गाडीच्या धडकेने काँक्रीटचा एक ठोकळा खरोखरच काही मिलिमीटर सरकलेला आढळला. चालकाच्या अंदाजाची अचूकता मोजायला त्या दिवशी यंत्र नव्हते, प्रत्यक्ष पाहणीनेच ती सिद्ध झाली.

१९८५ साली सेना लोटस संघात गेले. २१ एप्रिल १९८५ रोजी पोर्तुगालमधील एस्तोरिल येथे भर पावसात त्यांनी पहिली ग्रां प्री जिंकली. १९८६ साली स्पेनमधील हेरेस येथे नायजेल मॅन्सेल यांच्यावर त्यांनी अवघ्या ०.०१४ सेकंदाने मात केली. फेरी संपवून आल्यावर प्रत्येक वळणावरील इंजिनाचे फेरे, तापमान, दाब आणि गाडीची वागणूक ते क्रमाने सांगत, असे त्यांच्या अभियंत्यांच्या आठवणींत येते.

१९८७ साली लोटसला होंडाचे इंजिन मिळाले. त्या वर्षीच्या गाडीत संगणकाच्या आज्ञेने चालणारे सक्रिय सस्पेन्शन होते. संवेदक चाकांची व गाडीच्या साट्याची हालचाल मोजत आणि त्यानुसार तेलाच्या दाबावर चालणारे दट्टे गाडीची उंची राखत. या गाडीतून सेना यांनी मोनॅको आणि डेट्रॉइट येथे विजय मिळवले. सक्रिय सस्पेन्शन असलेल्या गाडीचे फॉर्म्युला वनमधील हे पहिले विजय होत.

गाडीवरील नोंदी आणि त्यांचे वाचन

शर्यतीच्या गाडीवरील संवेदक इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे, गाडीचा वेग, ॲक्सिलरेटर किती दाबला आहे, तेलाचा व पाण्याचा दाब, तापमान, इंधनाचा खप अशा गोष्टी सतत मोजतात. पुढे ब्रेकचा दाब, स्टिअरिंगचा कोन, सस्पेन्शनची हालचाल आणि वळणावर गाडीवर येणारा आडवा ताण यांचीही त्यांत भर पडली. ही मोजमापे गाडीवरच साठवली जातात किंवा रेडिओलहरींनी संघाकडे पाठवली जातात. दूर असलेल्या यंत्राची मापे अशा रीतीने मिळवण्याच्या पद्धतीस दूरमापन (टेलिमेट्री) म्हणतात. होंडाने ही पद्धत १९८० च्या दशकात फॉर्म्युला वनमध्ये मोठ्या प्रमाणावर वापरली.

चालकाच्या दृष्टीने या नोंदींचा खरा उपयोग तुलनेसाठी होतो. आडव्या अक्षावर मार्गावरील अंतर आणि उभ्या अक्षावर वेग घेऊन फेरीचा आलेख काढतात आणि त्यावर दुसऱ्या फेरीचा किंवा सहकारी चालकाचा आलेख ठेवतात. दोन रेषा जेथे एकमेकींपासून दूर जातात तेथे वेळ मिळालेला किंवा गमावलेला असतो. ब्रेक कोठे लावला, वळणाच्या मध्यात वेग किती उतरला आणि वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर केव्हा दाबला, या तीन प्रश्नांची उत्तरे आलेखातून मिळतात. अनेकदा उशिरा ब्रेक लावणारा चालक वळणाच्या तोंडाशी वेळ वाचवतो, परंतु गाडी सावरताना ॲक्सिलरेटर दाबायला त्याला उशीर होतो आणि पुढच्या सरळ मार्गावर तो वाचवलेल्यापेक्षा अधिक वेळ गमावतो. चालकाला स्वतःच्या जाणिवेवरून हे सहसा कळत नाही, कारण जोरात ब्रेक लावणे हेच त्याला वेगाचे लक्षण वाटते. आलेख हा गैरसमज दूर करतो.

सेना यांच्या आलेखांत एक गोष्ट उठून दिसे. बहुतेक चालक वळणात ॲक्सिलरेटर हळूहळू दाबत नेत, त्यामुळे त्यांची रेषा एकसारखी चढत जाई. सेना यांची रेषा मात्र करवतीच्या दात्यांसारखी असे. वळणात असतानाच ते एका सेकंदात अनेक वेळा ॲक्सिलरेटर दाबून सोडत. ही सवय कार्टच्या दिवसांपासूनची होती. टर्बो इंजिनात ॲक्सिलरेटर सोडल्यावर टर्बोचे चक्र मंदावते आणि पुन्हा दाबल्यावर शक्ती मिळण्यास विलंब लागतो. सेना यांच्या पद्धतीने हे चक्र फिरते राही, शिवाय मागच्या चाकांना किती पकड उरली आहे याचाही अंदाज क्षणोक्षणी येई. टर्बो इंजिनांवर बंदी आल्यानंतरही त्यांनी ही पद्धत सोडली नाही. सहकाऱ्यांना मात्र ती सहजासहजी आत्मसात करता आली नाही. आलेखावर ती स्पष्ट दिसत असली, तरी पायाला ती केव्हा व किती करायची हे आलेख शिकवू शकत नव्हता.

मॅकलारेन-होंडा पर्व

१९८८ साली सेना मॅकलारेन संघात प्रॉस्ट यांचे सहकारी झाले. होंडाच्या टर्बो इंजिनावर चालणाऱ्या एमपी४/४ या गाडीने त्या हंगामातील १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. त्यांपैकी आठ सेना यांनी, तर सात प्रॉस्ट यांनी जिंकल्या. त्या वर्षी टर्बो गाड्यांना संपूर्ण शर्यतीसाठी १५० लिटरच इंधन वापरण्याची मुभा होती. त्यामुळे वेगाइतकेच इंधनाच्या हिशेबालाही महत्त्व आले. प्रॉस्ट या कामात वाकबगार मानले जात. सेना यांनी इंधनाच्या नोंदींचा बारकाईने अभ्यास करून ही उणीव भरून काढली. सरावानंतर संध्याकाळी उशिरापर्यंत होंडाच्या अभियंत्यांसोबत आलेख पाहत बसणे हा त्यांचा नित्यक्रम झाला. जपानी अभियंत्यांशी जुळलेला स्नेह त्यांना आयुष्यभर पुरला.

मोनॅको येथील १९८८ ची पात्रता फेरी त्यांच्या कारकिर्दीतील शिखर मानली जाते. तीच गाडी आणि तेच इंजिन असलेल्या प्रॉस्ट यांच्यापेक्षा ते १.४ सेकंदांहून अधिक वेगवान ठरले. त्या फेऱ्यांत आपण जाणिवेच्या पलीकडे जाऊन गाडी चालवत होतो, हे लक्षात येताच भीती वाटून आपण परत फिरलो, असे त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले. प्रत्यक्ष शर्यतीत सुमारे ५० सेकंदांची आघाडी असताना, वेग कमी केल्यावर लक्ष विचलित होऊन त्यांची गाडी पोर्टिए वळणावर कठड्याला धडकली. निराश झालेले सेना संघाकडे न जाता थेट आपल्या घरी निघून गेले. हंगामाच्या उत्तरार्धात जपानमधील सुझुका येथे सुरुवातीलाच इंजिन बंद पडून ते मागे पडले, तरी एकेक गाडी मागे टाकत त्यांनी ती शर्यत जिंकली आणि पहिले अजिंक्यपद मिळवले.

१९८९ च्या सुरुवातीस होंडाच्या एनएसएक्स या रस्त्यावरील गाडीचा नमुना त्यांनी सुझुका येथे चालवून पाहिला. गाडीचा सांगाडा पुरेसा ताठ नाही, असा अभिप्राय त्यांनी दिला. त्यानंतर होंडाने सांगाड्याचा ताठपणा वाढवला.

प्रॉस्ट यांच्याशी स्पर्धा

एकाच संघात असल्याने सेना आणि प्रॉस्ट यांना एकमेकांच्या गाड्यांची माहिती पाहता येत असे. त्यातून दोघांचेही चालन सुधारले, पण संशयही वाढला. होंडा सेना यांना झुकते माप देते, असा आक्षेप प्रॉस्ट यांनी १९८९ साली जाहीरपणे घेतला. त्या वर्षी सुझुका येथे दोघांच्या गाड्या एकमेकींवर आदळल्या. सेना यांनी गाडी पुन्हा सुरू करून शर्यत जिंकली, परंतु त्यांना बाद ठरवण्यात आले आणि अजिंक्यपद प्रॉस्ट यांना मिळाले.

१९९० साली प्रॉस्ट फेरारी संघात गेले होते. सुझुका येथेच पुन्हा अजिंक्यपदाचा निर्णय व्हायचा होता. पात्रता फेरीत पहिले येऊनही सेना यांना सुरुवातीची जागा मार्गाच्या धुळीच्या बाजूला मिळाली आणि ती बदलण्याची त्यांची मागणी मान्य झाली नाही. पहिल्याच वळणावर सेना यांची गाडी प्रॉस्ट यांच्या गाडीवर आदळली, दोघेही बाद झाले आणि सेना विजेते ठरले. मॅकलारेनचे प्रमुख रॉन डेनिस यांनी ॲक्सिलरेटर व ब्रेकच्या नोंदी पाहिल्या. धडक टाळण्याचा प्रयत्न झाला नव्हता, हे त्यांना त्यावरून कळून चुकले. त्यांनी सेना यांच्याजवळ आपली नाराजी व्यक्त केली. ही धडक हेतुपुरस्सर होती, अशी कबुली सेना यांनी पुढच्या वर्षी दिली. ज्या नोंदींनी त्यांचे कौशल्य वेळोवेळी सिद्ध केले होते, त्यांनीच त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत वादग्रस्त कृतीचीही साक्ष दिली.

१९९१ साली हंगामातील पहिल्या चारही शर्यती जिंकून सेना यांनी तिसऱ्या अजिंक्यपदाचा पाया घातला. यांतील इंटरलागोस येथील विजय मायदेशातील पहिलाच होता. अखेरच्या फेऱ्यांत गाडी सहाव्या गिअरमध्येच अडकली होती. शर्यत संपल्यावर स्नायू आखडल्याने त्यांना गाडीतून आधार देऊन बाहेर काढावे लागले.

अखेरची वर्षे

१९९२ साली विल्यम्स संघाची सक्रिय सस्पेन्शन असलेली गाडी सर्वांच्या पुढे निघून गेली. त्या वर्षी बेल्जियममधील स्पा येथे सरावात फ्रेंच चालक एरिक कोमास यांना अपघात झाला. मागून येणाऱ्या सेना यांनी आपली गाडी थांबवली, धावत जाऊन कोमास यांच्या गाडीचे चालू असलेले इंजिन बंद केले आणि वैद्यकीय मदत येईपर्यंत त्यांचे डोके धरून ठेवले.

१९९२ च्या अखेरीस होंडाने फॉर्म्युला वनमधून माघार घेतली. १९९३ साली तुलनेने कमी शक्तीच्या फोर्ड इंजिनावर सेना यांनी पाच शर्यती जिंकल्या. इंग्लंडमधील डॉनिंग्टन येथे पावसात पाचव्या स्थानावरून पहिल्याच फेरीत सर्वांना मागे टाकून त्यांनी घेतलेली आघाडी अविस्मरणीय मानली जाते. या काळात गाड्यांतील संगणक केवळ नोंदी घेत नसत, तर चाकांचे घसरणे व सस्पेन्शन यांवरही नियंत्रण ठेवत. अशा साधनांमुळे चालकाचे कौशल्य झाकले जाते, असे सेना यांचे मत होते. १९९४ च्या हंगामापासून या साधनांवर बंदी आली. त्याच वर्षी सेना विल्यम्स संघात दाखल झाले. बंदीनंतरची विल्यम्सची नवी गाडी मात्र अस्थिर होती आणि पहिल्या दोन्ही शर्यती त्यांना पूर्ण करता आल्या नाहीत.

इमोला येथील मृत्यू

हंगामातील तिसरी शर्यत इटलीतील इमोला येथे होती. शुक्रवारी, २९ एप्रिल १९९४ रोजी, सेना यांचे तरुण देशबांधव रुबेन्स बारिकेलो भीषण अपघातातून बचावले. शनिवारी पात्रता फेरीत ऑस्ट्रियाचे रोलांड रात्झेनबर्गर यांचा अपघाती मृत्यू झाला. सेना यांना त्याचा जबर धक्का बसला. फॉर्म्युला वनचे डॉक्टर आणि त्यांचे स्नेही सिड वॉटकिन्स यांनी शर्यती सोडून देण्याचा सल्ला त्यांना दिला, पण आपल्याला थांबता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती.

रविवारी, १ मे रोजी, सातव्या फेरीत आघाडीवर असताना ताम्बुरेल्लो या वेगवान वळणावर त्यांची गाडी मार्ग सोडून सरळ गेली आणि काँक्रीटच्या भिंतीवर आदळली. गाडीच्या नोंदींनुसार मार्ग सोडताना वेग ताशी सुमारे ३१० किलोमीटर होता आणि उरलेल्या अत्यल्प वेळात सेना यांनी तो बराच खाली आणला होता. सस्पेन्शनचा तुटलेला भाग शिरस्त्राण भेदून आत शिरल्याने त्यांच्या डोक्याला प्राणघातक इजा झाली. बोलोन्या येथील रुग्णालयात त्याच दिवशी त्यांचे निधन झाले. गाडीत ऑस्ट्रियाचा एक ध्वज सापडला. शर्यतीनंतर रात्झेनबर्गर यांच्या स्मरणार्थ तो फडकवण्याचा त्यांचा मानस होता.

ब्राझील सरकारने तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला. साओ पाउलोच्या रस्त्यांवर लाखो लोकांनी त्यांना निरोप दिला. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत प्रॉस्ट यांचाही समावेश होता. मोरुंबी येथील दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. त्याच वर्षी जुलैमध्ये जिंकलेला फुटबॉलचा विश्वचषक ब्राझीलच्या संघाने त्यांच्या स्मृतीस अर्पण केला.

न्यायालयीन चौकशी

अपघाताबद्दल इटलीत विल्यम्स संघातील व्यक्तींसह काही जणांवर खटला चालला. सेना यांच्या सोयीसाठी बदल केलेला स्टिअरिंगचा दांडा तुटल्याने गाडी वळली नाही, असे फिर्यादी पक्षाचे म्हणणे होते. दांडा धडकेने तुटला आणि गाडी मार्गावरील उंचवट्यामुळे भरकटली, असे बचाव पक्षाने मांडले. गाडीच्या संवेदकांनी टिपलेली माहिती पुरावा म्हणून तपासण्यात आली, पण तिचा अर्थ तज्ज्ञांनी परस्परविरुद्ध लावला. १९९७ साली सर्व आरोपी निर्दोष सुटले. पुढील अपिलांनंतर २००७ साली वरिष्ठ न्यायालयाने विल्यम्सचे तांत्रिक प्रमुख पॅट्रिक हेड यांच्यावर दांड्याच्या सदोष बदलाची जबाबदारी ठेवली, परंतु खटल्याची कायदेशीर मुदत उलटून गेली असल्याने शिक्षा झाली नाही. गाडी काय करत होती हे नोंदींनी सांगितले. ती तसे का करत होती, याबद्दलचा मतभेद आजही संपलेला नाही.

वारसा

सेना यांच्या मृत्यूनंतर शर्यतमार्ग, गाड्या आणि शिरस्त्राणे यांच्या सुरक्षेचे नियम कठोर करण्यात आले. ताम्बुरेल्लो वळणाची रचना बदलून तेथील वेग कमी करण्यात आला. १९९७ पासून प्रत्येक गाडीत अपघाताची नोंद घेणारे स्वतंत्र यंत्र बसवणे बंधनकारक झाले. चालन सुधारण्यासाठी वापरात आलेले तंत्र अशा रीतीने चालकाचा जीव वाचवण्याच्या संशोधनालाही उपयोगी पडू लागले. सेना यांच्यानंतर २०१४ साली सुझुका येथे झालेल्या ज्यूल्स बियांची यांच्या अपघातापर्यंत फॉर्म्युला वनच्या शर्यतीत एकाही चालकाला प्राणघातक इजा झाली नाही.

ब्राझीलमधील गरीब मुलांसाठी काही करावे, अशी इच्छा सेना यांनी बहिणीजवळ बोलून दाखवली होती. त्यानुसार विव्हियान यांनी नोव्हेंबर १९९४ मध्ये आयर्टन सेना संस्थेची स्थापना केली. ही संस्था शालेय शिक्षणाच्या क्षेत्रात काम करते.

१९८९ साली सुझुका येथील पात्रता फेरीत सेना यांनी १ मिनिट ३८.०४१ सेकंदांत एक फेरी पूर्ण केली होती. तिचे इंजिनाचे फेरे, ॲक्सिलरेटर आणि वेग यांच्या नोंदी होंडाकडे जपून ठेवलेल्या होत्या. २०१३ साली होंडाने त्या नोंदींच्या आधारे सुझुकाच्या मार्गावर ध्वनिक्षेपक व दिवे मांडून ती फेरी रात्रीच्या अंधारात पुन्हा उभी केली. जेथे ज्या क्षणी गाडी होती, तेथे त्याच क्षणी दिवा उजळत गेला आणि इंजिनाचा आवाज पुढे सरकत गेला. वळणांवर ॲक्सिलरेटर वारंवार दाबून सोडण्याची सेना यांची लकब, गाडी आणि चालक नसतानाही, त्या आवाजात ओळखू येत होती.